मेंदूच्या धमन्यांतील तारेची जाळी



सायकलच्या जुन्या ट्यूबमध्यें हवा भरतांना तिच्यावर एखादे ठिकाणीं फुगवटा आलेला आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. रबर जेथें विरलेलें असतें तेथें तें हवेचा जोर सोसूं शकत नाहीं. त्याचप्रमाणें जुन्या वाड्यांतील लोखंडी नळ आंतून गंज धरून इतका अरुंद होतो, कीं शेवटीं करंगळीएवढीहि धार पडत नाहीं, हाहि अनुभव अनेकांना असेल. मेंदूला रक्त पोंचविणाऱ्या धमन्यांना हे दोन्ही विकार जडतात. एकांत धमनीची भिंत पातळ होऊन फुगते. तो फुगवटा फुटला तर कवटीच्या आंत रक्तस्राव होऊन मनुष्य कित्येकदां तासाभरांत दगावतो. डॉक्टर ह्याला अॅन्युरिझम म्हणतात. दुसऱ्या विकारांत भिंतींत चरबीचे थर सांठून मार्ग आकसतो आणि पलीकडील मेंदूचा भाग रक्तावांचून मरूं लागतो. त्यांतून अर्धांगवायु होतो. एक विकार दुसऱ्याच्या अगदीं उलट. असें असून गेल्या पंचवीसतीस वर्षांत ह्या दोहोंवर उपाय म्हणून एकच वस्तु पुढें आली. ती म्हणजे जांघेंतील अथवा मनगटांतील धमनींतून थेट मेंदूपर्यंत नेऊन बसविलेली तारेची जाळीदार नळी, अर्थात् स्टेंट.

मी वैद्य नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक निवृत्त मास्तर आहें. ह्या विषयाकडे मी ओढला गेलों तो घरच्या प्रसंगामुळें. २०१२ सालीं आमच्या आळींतील एका बाईंच्या मेंदूंतील फुगवट्यावर अशी जाळी बसविली गेली, आणि आठ दिवसांत त्या चालत घरीं आल्या. पुढच्याच वर्षीं एके सकाळीं माझ्या थोरल्या बंधूंची, म्हणजे दादांची, जीभ अडखळूं लागली आणि उजव्या हातांतील कप गळून पडला. तपासणींत मेंदूच्या डाव्या अंगाची एक प्रमुख धमनी तीनचतुर्थांशांहून अधिक आकसल्याचें दिसलें. पुतण्यानें बँकेंतील ठेव मोडली, आम्हीं पैसे जमविले, आणि डॉक्टरांना जाळी बसवा म्हणून विनविलें. त्यांनीं नकार दिला. दोन प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची एक, चरबीची एक आणि रोज अर्धा तास चालणें, एवढेंच लिहून दिलें. शेजारणीला जाळी आणि आमच्या भावाला गोळ्या, हा काय न्याय, असें म्हणून आम्ही फार संतापलों. मी एकटाच दुसरे दिवशीं त्यांच्याकडे गेलों, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "मास्तर, आपण इतिहास शिकवितां ना? मग एप्रिल २०११ मध्यें काय घडलें तें वाचून या." तें वाचूं लागलों तो मागें मागें जात शंभर वर्षें ओलांडून गेलों.

प्रथम प्रश्न होता तो पाहण्याचा. जिवंत मनुष्याच्या मेंदूंतील धमन्या कोणी पाहिल्या नव्हत्या, कारण कवटी ही बंद पेटी आहे आणि क्ष-किरणांना रक्त दिसत नाहीं. ही अडचण लिस्बन येथील मज्जारोगतज्ज्ञ एगास मोनिझ ह्यांनीं दूर केली. हे गृहस्थ विलक्षण होते. १९१८ सालीं ते पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री झाले. राजकारणांतून बाहेर पडल्यावर, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनीं हें संशोधन हातीं घेतलें. संधिवातानें त्यांचीं बोटें वांकडीं झालेलीं होतीं. म्हणून सुई व सुरी चालविण्याचें काम आल्मेदा लिमा हे तरुण सहकारी करीत. गळ्यांतील धमनींत असा एखादा क्षार टोंचावयाचा, कीं जो क्ष-किरणांना अडवील पण मेंदूला अपाय करणार नाहीं, अशी त्यांची योजना होती. आरंभीं स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरलें. त्यांत एक रुग्ण दगावला. मोनिझ कांहीं काळ थांबले आणि मग सोडियम आयोडाइडकडे वळले. १९२७ च्या जूनमध्यें कांचेवर मेंदूच्या धमन्यांचें झाड प्रथमच उमटलें. दैवाचा खेळ असा, कीं त्यांना १९४९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें ह्या कामासाठीं नव्हे. तें मिळालें मनोरुग्णांच्या मेंदूचे तंतु कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठीं, आणि ती शस्त्रक्रिया पुढें वैद्यकानें टाकून दिली.

फुगवटा दिसूं लागला, पण त्याचें करावें काय? १९३१ सालीं एडिंबरो येथें नॉर्मन डॉट ह्यांनीं एका रुग्णाची कवटी उघडली, त्याच्याच मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून वाहत्या फुगवट्याभोंवतीं लपेटला, आणि तो रुग्ण पुढें अनेक वर्षें जगला. १९३७ च्या मार्चमध्यें बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी ह्यांनीं फुगवट्याच्या मानेवर चांदीचा एक लहानसा चिमटा बसविला. ह्या रुग्णाची पापणी मिटलेली होती, कारण फुगवट्याचा भार डोळ्याच्या मज्जातंतूवर पडत होता. चिमटा बसवून फुगवटा रक्तप्रवाहापासून तोडावयाचा, ही पद्धत नंतर पन्नास वर्षें राजमान्य होती आणि आजहि ती टाकाऊ झालेली नाहीं. मात्र तिच्यासाठीं कवटी उघडावी लागते आणि मेंदू बाजूस सारावा लागतो. फुगवटा खोल असला तर निष्णात शल्यवैद्याचीहि छाती दडपते.

ह्याच काळांत, मेंदूशीं कांहींएक संबंध नसलेल्या माणसांनीं शरीराच्या दुसऱ्या टोंकाकडून वाट काढावयास आरंभ केला होता. १९२९ सालीं जर्मनींत एबर्सवाल्डे येथील वेर्नर फोर्समान ह्या तरुण डॉक्टरानें स्वतःच्या दंडांतील शिरेंत एक लवचिक नळी घालून ती हृदयापर्यंत ढकलली, आणि ती तशीच ठेवून जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलींत जाऊन छायाचित्र काढविलें. १९५३ सालीं स्वीडनमधील सेल्डिंगर ह्यांनीं सुईंतून तार व तारेवरून नळी घालण्याची युक्ति प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे, कीं आपणांस पूर्वीं कशी सुचली नाहीं असें इतरांना वाटलें असावें. पुढें १९६४ च्या जानेवारींत अमेरिकेंतील पोर्टलंड येथें चार्ल्स डॉटर ह्यांच्याकडे ब्यायशीं वर्षांची एक वृद्धा आली. तिचा पाय सडूं लागला होता, आणि कांहीं झालें तरी पाय कापूं देणार नाहीं असा तिचा हट्ट होता. डॉटर ह्यांनीं मांडीच्या आकसलेल्या धमनींतून एकाहून एक जाड नळ्या सारून मार्ग रुंद केला. ती बाई मरेपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालली. शल्यवैद्य मात्र डॉटर ह्यांना 'वेडा चार्ली' म्हणत. तेरा वर्षांनीं, १९७७ सालीं, झुरिक येथें आंद्रेआस ग्रुंट्सिग ह्यांनीं नळीच्या टोंकाला चिमुकला फुगा लावून हृदयाची धमनी उघडली. आरंभींचे फुगे त्यांनीं घरच्या स्वयंपाकघरांतील टेबलावर बनविले होते.

फुग्याची गोष्ट निघाली म्हणून मॉस्कोचे फ्योदोर सेर्बिनेंको आठवतात. मे दिनाच्या उत्सवांत मुलें दोरीनें फुगे हवे तिकडे वळवीत आहेत हें पाहून, रक्ताच्या प्रवाहांत असाच फुगा सोडून तो मेंदूपर्यंत कां नेऊं नये, हा विचार त्यांना सुचला असें सांगतात. त्यांनीं रबराचे सुटे होणारे फुगे तयार केले, आणि १९७४ सालीं तीनशेंवर रुग्णांचा अनुभव इंग्रजींत प्रसिद्ध झाला तेव्हां पाश्चात्य डॉक्टर थक्क झाले. शीतयुद्धाच्या काळांत ही विद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली, ह्याचें मला इतिहासाचा शिक्षक म्हणून विशेष वाटतें. तथापि फुगवट्याचा आकार वेडावांकडा असतो आणि फुगा गोल. तो कधीं निसटे, कधीं फुगवट्यालाच ताण देऊन फाडी.

खरी युक्ति साधली ती एका अपघातानें. रोम येथें ग्विदो ग्युल्येल्मी हे इटालियन शल्यवैद्य सशांवर प्रयोग करीत होते. फुगवट्यांत बारीक तार घालून विजेचा सौम्य प्रवाह सोडला तर रक्त गोठेल अशी त्यांची कल्पना होती. रक्त फारसें गोठलें नाहीं. उलट विजेनें पोलाद झिजून तारेचें टोंक तुटलें आणि आंतच राहिलें. दुसरा एखादा हा प्रयोग फसला म्हणून सोडून देता. ग्युल्येल्मी ह्यांनीं तें ध्यानांत ठेविलें, आणि पुढें लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत प्लॅटिनमचें अत्यंत मऊ वेटोळें पोलादी तारेला जोडून तें फुगवट्यांत गुंडाळण्याची पद्धत सिद्ध केली. वेटोळें नीट बसेपर्यंत परत ओढतां येतें. बसल्यावर क्षणभर वीज सोडली कीं सांधा विरतो आणि वेटोळें आंत राहतें. १९९० च्या मार्चमध्यें पहिल्या रुग्णावर हा प्रयोग झाला, आणि १९९५ सालीं अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली.

कवटी उघडून चिमटा लावणें बरें कीं आंतून वेटोळें घालणें बरें, हा वाद पुढें ऑक्सफर्ड येथून चालविलेल्या एका मोठ्या चांचणीनें बराचसा मिटला. फुटलेल्या फुगवट्याच्या २१४३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गटांत वांटलें होतें. २००२ सालीं निकाल आला: वर्षअखेर मृत्यु अथवा परावलंबन ह्यांचें प्रमाण चिमट्याच्या गटांत शेंकडा सुमारें ३१ आणि वेटोळ्याच्या गटांत सुमारें २४. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडणें प्रथम ऐकतांना निर्दयपणाचें वाटतें. मलाहि वाटलें होतें. पुढचा भाग ऐकल्यावर आपलें मत काय होतें तें पाहा.

वेटोळ्याला एक अडचण होती. फुगवट्याची मान रुंद असली तर वेटोळें बाहेर धमनींत घसरे. तेव्हां दाराला जाळी लावावी तशी धमनीच्या आंतून जाळी लावून मग तिच्या मागें वेटोळीं भरावीं, असा विचार पुढें आला. स्टेंट हा शब्द मोठा गमतीचा आहे. लंडनमधील चार्ल्स स्टेंट नांवाच्या एकोणिसाव्या शतकांतील दंतवैद्यानें दांतांचे साचे घेण्यासाठीं एक लगदा तयार केला. पहिल्या महायुद्धांत एसर ह्या डच शल्यवैद्यानें त्याच लगद्याचा त्वचारोपणांत आधार म्हणून उपयोग केला, आणि 'आधार' ह्या अर्थीं त्या दंतवैद्याचें आडनांवच रूढ झालें. हृदयाच्या धमनींत मनुष्यावर पहिला स्टेंट १९८६ सालीं फ्रान्समध्यें तुलूझ येथें बसला. परंतु हृदयाचे स्टेंट ताठ. मेंदूच्या धमन्या वळणावळणाच्या आणि पातळ भिंतींच्या. १९९७ सालीं कॅलिफोर्नियांतील हिगाशिदा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंदूच्या बुडाशीं असलेल्या धमनीवरील फुटलेला फुगवटा स्टेंट व वेटोळीं मिळून बंद केल्याचें प्रसिद्ध केलें. २००२ पासून मुद्दाम मेंदूसाठीं केलेले लवचिक स्टेंट मिळूं लागले. ते निकेल व टायटॅनियम ह्यांच्या मिश्रधातूचे असतात. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेंत शोधून काढलेला हा धातु दाबून बारीक नळींत भरला, तरी सुटतांच आपला मूळ आकार आठवून पसरतो.

मग कोणाच्या तरी ध्यानांत आलें, कीं जाळी पुरेशी दाट विणली तर आंत वेटोळीं भरण्याचीहि गरज नाहीं. फुगवट्यांत रक्त भोंवऱ्यासारखें फिरत असतें. तोंडाशीं दाट जाळी आली कीं प्रवाह धमनींतूनच सरळ पुढें जातो, फुगवट्यांतील रक्त सांकळतें, आणि कांहीं महिन्यांत जाळीवर नवें अस्तर चढून दार कायमचें बंद होतें. अठ्ठेचाळीस तारांची विणलेली अशी जाळी प्रथम अर्जेंटिनांत ब्युएनोस आयरेस येथें रुग्णांवर वापरली गेली. तिच्या तारा भिंतीचा एकतृतीयांश भागच झांकतात. उरलेल्या फटींतून आजूबाजूच्या बारीक उपधमन्यांना रक्त मिळत राहतें. अमेरिकेंतील सरकारी परवानगीपूर्वीं झालेल्या परीक्षेंत १०८ रुग्णांचे मोठे व अवघड फुगवटे निवडले होते. सहा महिन्यांनीं त्यांपैकीं जवळजवळ तीनचतुर्थांश पूर्ण बंद झाले. जाळीवर रक्त गोठूं नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात, आणि म्हणूनच नुकत्याच फुटलेल्या फुगवट्यावर ही जाळी घालण्यास डॉक्टर कचरतात. ती परवानगी मिळाली एप्रिल २०११ मध्यें.

आणि त्याच एप्रिलमध्यें, त्याच देशांत, दुसरी एक जाळी थांबविण्यांत आली. माझ्या भावाचा प्रश्न तिच्याशीं संबंधित होता.

आकसलेली धमनी उघडावी ही कल्पना कोणालाहि सहज पटेल अशीच आहे. पूर्वीं कपाळाच्या कातडीवरील धमनी कवटीच्या आंतील धमनीला जोडून रक्ताला वळणाचा रस्ता देण्याची शस्त्रक्रिया निघाली होती. ती वर्षानुवर्षें लोकप्रिय होती. १९८५ सालीं १३७७ रुग्णांच्या चांचणीनें दाखविलें, कीं तिचा अर्धांगवायु टाळण्यास कांहींच उपयोग होत नाहीं. तिकडे १९८० सालीं मेयो क्लिनिकमधील संड्ट ह्यांनीं मेंदूच्या बुडाची धमनी फुग्यानें उघडून दाखविली होती. २००५ सालीं खास ह्याच कामासाठीं केलेल्या स्टेंटला अमेरिकेंत मर्यादित परवानगी मिळाली. ती अवघ्या ४५ रुग्णांच्या अनुभवावर दिलेली होती. छायाचित्रें मोहक होतीं: आधीं दोऱ्यासारखी धमनी, नंतर भरघोस. असें छायाचित्र पाहिल्यावर कोणता नातलग नको म्हणेल? आम्ही म्हटलें नसतें.

मग अमेरिकेंतील पन्नास रुग्णालयांनीं मिळून चांचणी आरंभिली. ज्यांना नुकताच झटका येऊन गेला होता आणि ज्यांची धमनी शेंकडा ७० ते ९९ आकसली होती, अशांचे दोन गट पाडले. दोघांनाहि उत्तम औषधें, रक्तदाबावर व चरबीवर कडक नजर, व्यायाम व पथ्य ह्यांसाठीं मार्गदर्शक. एका गटाला शिवाय स्टेंट. ७६४ रुग्ण घेण्याचा बेत होता, पण ४५१ झाल्यावर नवे रुग्ण घेणें बंद करावें लागलें. पहिल्या तीस दिवसांत अर्धांगवायु अथवा मृत्यु ह्यांचें प्रमाण नुसत्या औषधांच्या गटांत शेंकडा ५.८ होतें आणि स्टेंटच्या गटांत १४.७. औषधें अपेक्षेहून चांगलीं ठरलीं आणि जाळी अपेक्षेहून वाईट.

असें कां व्हावें? ह्याचें उत्तर शेतकऱ्याच्या मुलाला लवकर समजेल. पाटांतील गाळ फावड्यानें दोहों बाजूंस लोटला तर पाट मोकळा होतो, पण बाजूच्या दांडांचीं तोंडें बुजतात आणि वाफे कोरडे पडतात. मेंदूच्या मोठ्या धमन्यांना केसासारख्या उपधमन्या फुटतात आणि त्या मेंदूच्या गाभ्यांत शिरतात. स्टेंट पसरला कीं भिंतींतील मऊ चरबी ह्या तोंडांत लोटली जाते. फुगवट्याच्या विकारांत धमनीची भिंत पातळ असते खरी, पण आंत गाळ नसतो, म्हणून तेथें हें संकट एवढें येत नाहीं. शिवाय तारेच्या टोंकानें कधीं धमनीला भोंक पडून रक्तस्राव होतो. छायाचित्रांत पाट दिसतो, दांड दिसत नाहींत.

२०१२ सालीं अमेरिकन सरकारनें त्या स्टेंटवर आणखी निर्बंध घातले. २०१५ सालीं दुसऱ्या प्रकारच्या स्टेंटचा निकालहि तसाच प्रतिकूल आला. ह्या सर्वांवर कोणी म्हणेल, कीं हात पुरेसे सराईत नव्हते, घाई झाली. हा आक्षेप रास्त होता आणि चिनी डॉक्टरांनीं तो गांभीर्यानें घेतला. युरोपीय गोऱ्या लोकांत हा आकस पुष्कळदां गळ्यांतील धमनींत असतो. आशियांतील लोकांत, आपणां भारतीयांतहि, तो कवटीच्या आंत तुलनेनें अधिक आढळतो, म्हणून हा प्रश्न तिकडे जिव्हाळ्याचा आहे. त्यांनीं अनुभवी हात निवडले, झटक्यानंतर तीन आठवडे थांबून मगच स्टेंट घातला. २०२२ सालीं निकाल आला: वाईट परिणाम स्टेंटच्या गटांत शेंकडा ८.० आणि औषधांच्या गटांत ७.२. नुकसान टळलें, पण लाभहि झाला नाहीं.

दादांच्या डॉक्टरांनीं आम्हांला २०१३ सालीं नकार दिला तो ह्या आधारावर. आम्ही त्यांना भित्रे म्हटलें होतें, तेंहि त्यांच्या कानांवर जाईल इतक्या मोठ्यानें. नंतर एकदां मीं त्यांची क्षमा मागितली, तेव्हां त्यांनीं दादांचा रक्तदाब विचारला आणि आंकडा ऐकून मीठ कमी करावयास सांगितलें.

हा इतिहास अद्याप चालूच आहे. २०२४ सालीं चीनमधील ३१ रुग्णालयांतील ५०१ रुग्णांचा नवा निकाल प्रसिद्ध झाला. ह्यांत जाळी घातलीच नाहीं. धमनीपेक्षां लहान फुगा अगदीं सावकाश फुगवून मार्ग थोडासाच रुंद केला. एका वर्षांत वाईट परिणाम फुगा व औषधें ह्यांच्या गटांत शेंकडा ४.४ आणि नुसत्या औषधांच्या गटांत १३.५ आढळले. ह्याच परीक्षेंत शेंकडा सतरा जणांना प्रक्रियेच्या वेळीं कांहीं ना कांहीं विघ्न आलें, बहुधा धमनीच्या अस्तराला चीर पडली. तेव्हां ही पद्धत इतरत्र, इतर हातांनीं करून पाहिल्यावांचून कोणी निःशंक होणार नाहीं.

ही बातमी मीं दादांना वाचून दाखविली. ते आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बोलतांना 'र' अजून थोडा घसरतो. सगळें ऐकून घेऊन त्यांनीं विचारलें, "म्हणजे आतां मला पुन्हां नेतोस कीं काय?" मीं नाहीं म्हटलें. त्यांनीं चष्मा चढवून गोळ्यांची डबी उघडली आणि सोमवारचा कप्पा कोणता तें मला विचारलें.